सॉकेटवरून येणारे फाइल डिस्क्रिप्टर: पाठवण्यापासून बंद करण्यापर्यंत

एका प्रोसेसने उघडलेली फाइल दुसऱ्या प्रोसेसला वापरायला द्यायची असली, की नवशिक्याला दोन मार्ग सुचतात आणि दोन्ही फसतात. पहिला मार्ग म्हणजे फाइलचा पाथ कळवणे. पण ती फाइल उघडण्याची परवानगी दुसऱ्या प्रोसेसला असेलच असे नाही, शिवाय पाथ कळवल्यापासून तो उघडला जाईपर्यंतच्या वेळात त्याच नावाखाली कोणी दुसरीच फाइल आणून ठेवू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क्रिप्टरचा आकडा, म्हणजे प्रोसेसमध्ये त्या उघड्या फाइलला मिळालेला क्रमांक, पाठवणे. पण ७ या आकड्याला तो ज्या प्रोसेसचा आहे तिच्यापुरताच अर्थ असतो. शेजारच्या प्रोसेसमधला ७ भलत्याच फाइलचा असतो किंवा मुळी कशाचाच नसतो. खरा मार्ग तिसरा आहे: युनिक्स डोमेन सॉकेटवर (एकाच संगणकावरील प्रोसेसना जोडणाऱ्या दुव्यावर) संदेश पाठवताना त्याच्यासोबतच्या नियंत्रण-माहितीत डिस्क्रिप्टर ठेवायचा आणि पुढचे काम कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर) सोपवायचे.

ही सोय १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासून चालत आली आहे आणि तिचे आजचे रूप १९९० च्या ४.३ बीएसडी रेनोमध्ये आले. दूरच्या संगणकावर लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये विशेषाधिकार राखणारी प्रोसेस टर्मिनल उघडून तो कमी अधिकारांच्या प्रोसेसला याच मार्गाने देते. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या वेलँडमध्ये खिडकीच्या चित्राची सामायिक मेमरी अशीच पोहोचवली जाते. एचएप्रॉक्सी हा जोडण्या वाटून देणारा सर्व्हर चालू जोडण्या न तोडता नव्याने सुरू होतो, तेव्हा नवी प्रोसेस जुन्या प्रोसेसकडून जोडण्या स्वीकारणारी सॉकेट्स अशीच मागून घेऊ शकते.

पाठवण्याचे काम पंधरा-वीस ओळींत होते आणि त्याचे नमुने कोठेही मिळतात. अवघड बाजू घेणाऱ्याची आहे, आणि बहुतेक नमुन्यांमध्ये तिचीच हयगय झालेली दिसते. रिसीव्हएमएसजी हा संदेश घेणारा सिस्टीम कॉल परतला, की त्यासोबत आलेला प्रत्येक डिस्क्रिप्टर आपल्या मालकीचा झालेला असतो, मग आपण तो मागितलेला असो वा नसो. आणि तरीही तो दुसऱ्याने दिलेला, म्हणजे पारखून घेण्याचा माल असतो. मालकी आपली आणि भरवसा मात्र नाही, अशी ही स्थिती आहे. पुढील पायऱ्या तिला धरूनच लिहिल्या आहेत. सी भाषा आणि लिनक्स गृहीत धरले आहे. फंक्शनांची व स्थिरांकांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली असून मूळ नावातील अधोरेषेच्या जागी जोडरेषा वापरली आहे.

आधी समजून घ्यावे: नेमके काय जाते

डिस्क्रिप्टर हा प्रोसेसच्या स्वतःच्या तक्त्यातील एका ओळीचा क्रमांक असतो. ती ओळ कर्नलमधील एका नोंदीकडे निर्देश करते, आणि फाइल कोणती, वाचनासाठी उघडली की लेखनासाठी, सध्या कितव्या बाइटवर आहोत हे सारे त्या नोंदीत असते. डिस्क्रिप्टर पाठवला जातो तेव्हा आकडा जात नाही आणि फाइलची प्रतही जात नाही. घेणाऱ्या प्रोसेसच्या तक्त्यात एक नवी ओळ तयार होते आणि ती त्याच जुन्या नोंदीकडे निर्देश करू लागते. एकाच प्रोसेसमध्ये डुप हा डिस्क्रिप्टरची जोड-प्रत करणारा कॉल जे करतो, तेच येथे दोन प्रोसेसमध्ये घडते. त्यामुळे पाठवलेला ७ पलीकडे ४ म्हणून उगवला, तर त्यात नवल नाही.

नोंद सामायिक असते, यातून तीन परिणाम निघतात. पहिला असा, की वाचनाची जागा म्हणजे ऑफसेट दोघांचा एकच असतो. एकाने शंभर बाइट वाचले, की दुसऱ्याचे वाचन तेवढे पुढे सरकते. म्हणून मिळालेल्या साध्या फाइलवर रीड आणि राइट न वापरता, जागा स्वतः सांगणारे पी-रीड आणि पी-राइट वापरावेत. दुसरा असा, की ओ-नॉनब्लॉक (वाट पाहत न अडकता परतणे) आणि ओ-अपेंड (नेहमी शेवटी लिहिणे) हे फ्लॅगही त्या नोंदीतच असतात, त्यामुळे एकाने ते बदलले की दुसऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेकने नवा प्रोग्राम चढवताना डिस्क्रिप्टर आपोआप बंद करणारा) हा फ्लॅग तेवढा याला अपवाद आहे. तो प्रत्येकाच्या तक्त्यातील ओळीवर असतो आणि म्हणूनच तो डिस्क्रिप्टरसोबत प्रवास करत नाही. तिसरा परिणाम परवानगीचा आहे. परवानगीची तपासणी फाइल उघडताना एकदाच होते, त्यामुळे डिस्क्रिप्टर देणे म्हणजे तो अधिकारच देणे होय. एकदा दिलेला डिस्क्रिप्टर परत मागवण्याची सर्वसाधारण सोय नाही, आणि घेणारा तो पुढे आणखी कोणालाही देऊ शकतो.

पहिली पायरी: सॉकेट निवडणे

हे सारे केवळ एएफ-युनिक्स कुळातील सॉकेटवर आणि एकाच कर्नलखाली चालणाऱ्या प्रोसेसमध्येच शक्य आहे. दोन कंटेनर एकाच कर्नलवर असतील आणि त्यांच्यात सॉकेट सामायिक असेल, तर ते चालते. टीसीपीवरून ते कधीच चालत नाही. पालक आणि अपत्य प्रोसेसमध्ये देवाणघेवाण करायची असेल, तर फोर्कच्या (अपत्य प्रोसेस निर्माण करणाऱ्या कॉलच्या) आधी सॉकेटपेअर, म्हणजे जोडलेल्या दोन सॉकेट्सची जोडी, तयार करून घेणे सर्वांत निर्धोक, कारण त्या सॉकेटला नाव नसते आणि तिसरा कोणी त्याला येऊन जोडला जाऊ शकत नाही.

प्रकार निवडताना स्ट्रीमपेक्षा (संदेशांच्या सीमा नसलेल्या बाइटांच्या सलग प्रवाहापेक्षा) सॉक-सेक्‍पॅकेट घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात जोडणी टिकून राहते आणि प्रत्येक संदेशाची सीमाही टिकते, त्यामुळे कोणता डिस्क्रिप्टर कोणत्या संदेशासोबत आला हा प्रश्नच उरत नाही. मॅकओएसवर युनिक्स डोमेनमध्ये हा प्रकार मिळत नाही; तेथेही चालणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर स्ट्रीम घेऊन संदेशांच्या सीमा स्वतः आखाव्या लागतात.

नाव असलेले सॉकेट वापरायचे झाल्यास ते अशा डिरेक्टरीत ठेवावे, जिच्यात प्रवेश फक्त अपेक्षित वापरकर्त्यालाच आहे. लिनक्सवरील या पाथला १०८ बाइटांची मर्यादा आहे, ती नाव ठरवतानाच ध्यानात घ्यावी. शून्य बाइटने सुरू होणारे अमूर्त नाव फाइल सिस्टीममध्ये उमटत नाही हे सोयीचे वाटते खरे, पण त्याला फाइलच्या परवानग्याही लागू होत नाहीत. समोर कोण आहे हे जोडणी झाल्याबरोबर एसओ-पीअरक्रेड या पर्यायाने विचारून घ्यावे. कर्नल त्या प्रोसेसचा, वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक सांगतो. हे उत्तर जोडणी झाली त्या क्षणाचे असते. पुढे त्या टोकाचा डिस्क्रिप्टर दुसऱ्या प्रोसेसकडे गेला, तरी उत्तर बदलत नाही.

दुसरी पायरी: पाठवणे

सेंडएमएसजी या संदेश पाठवणाऱ्या कॉलला एमएसजीएचडीआर ही रचना द्यावी लागते. तिच्यात दोन कप्पे महत्त्वाचे: एक साध्या डेटाचा आणि दुसरा नियंत्रण-माहितीचा. डिस्क्रिप्टर दुसऱ्या कप्प्यात जातात, पण पहिला कप्पा रिकामा ठेवू नये. स्ट्रीम सॉकेटवर किमान एक बाइट साधा डेटा असावाच लागतो, आणि इतर प्रकारांतही तो ठेवण्याची सवय चांगली. त्या डेटात किती डिस्क्रिप्टर पाठवत आहोत आणि प्रत्येक कशासाठी आहे हे लिहावे; घेणाऱ्याला ताळा करण्यासाठी ते उपयोगी पडते.

नियंत्रण-माहितीचा बफर साध्या कॅरॅक्टर-मालिकेसारखा जाहीर केला, तर त्याचे मेमरीतील संरेखन चुकू शकते. म्हणून तो सीएमएसजीएचडीआर (नियंत्रण-माहितीचे शीर्षक) या रचनेसोबत एका युनियनमध्ये ठेवावा आणि वापरण्यापूर्वी शून्याने भरून घ्यावा. बफरचा आकार सीएमएसजी-स्पेस या मॅक्रोने काढायचा असतो, तर शीर्षकातील लांबीच्या रकान्यात सीएमएसजी-लेनचे उत्तर लिहायचे असते. ही दोन नावे सारखी वाटल्याने अदलाबदल होते. पहिल्यात शेवटची भरती धरलेली असते आणि दुसऱ्यात नसते, एवढा फरक पक्का केला तर गोंधळ होत नाही. पातळी म्हणून एसओएल-सॉकेट आणि प्रकार म्हणून एससीएम-राइट्स लिहून झाले, की सीएमएसजी-डेटाने दाखवलेल्या जागी डिस्क्रिप्टरांचे आकडे मेमकॉपीने उतरवावेत. त्या जागेचा पॉइंटर थेट पूर्णांकाचा मानून त्यात लिहू नये. एका संदेशात लिनक्स जास्तीत जास्त २५३ डिस्क्रिप्टर घेतो. त्याहून अधिक दिल्यास ई-इनव्हॅल ही त्रुटी मिळते.

स्ट्रीम सॉकेटवर सेंडएमएसजीने दिलेल्यापेक्षा कमी बाइट पाठवले, तर उरलेले पुन्हा पाठवावे लागतात, आणि येथेच एक नेहमीची चूक होते. डिस्क्रिप्टर पहिल्या तुकड्यासोबत गेलेले असतात. उरलेले बाइट पाठवताना नियंत्रण-माहिती तशीच जोडलेली राहिली, तर तेच डिस्क्रिप्टर दुसऱ्यांदा जातात आणि घेणाऱ्याचा हिशोब बिघडतो. म्हणून पहिला तुकडा गेला, की नियंत्रण-कप्प्याचा पॉइंटर आणि लांबी दोन्ही शून्य करावीत.

कॉल यशस्वी झाला, की पाठवणाऱ्याने आपली प्रत लगेच बंद करायला हरकत नाही. संदेश वाटेत असेपर्यंत कर्नल स्वतः त्या नोंदीकडे एक निर्देश धरून ठेवतो. मात्र तो डिस्क्रिप्टर ईपोलमध्ये (अनेक डिस्क्रिप्टरांवरील घटना कळवणाऱ्या सोयीत) नोंदवलेला असेल, तर बंद करण्याआधी ईपोल-सीटीएल-डेल करून तो तेथून काढावा. ईपोलमधील नोंदणी फाइलच्या नोंदीशी जुळलेली असते आणि ती नोंद आता दुसऱ्या प्रोसेसमुळे जिवंत राहते; परिणामी आपण बंद केलेल्या डिस्क्रिप्टरच्या घटना आपल्याला येतच राहतात, आणि त्या थांबवायला आपल्या हाती डिस्क्रिप्टरच उरलेला नसतो. ज्याच्या वाट्याला हा दोष आला आहे, तो सहसा आधी स्वतःच्या घटनाचक्रावरच (घटनांची वाट पाहून त्या हाताळणाऱ्या मुख्य फेरीवरच) संशय घेतो.

घेणारा सुस्त असेल आणि वाटेतले डिस्क्रिप्टर साचत गेले, तर पाठवणाऱ्याला ई-टू-मेनी-रेफ्स ही त्रुटी मिळते. लिनक्स ४.५ पासून वाटेतल्या डिस्क्रिप्टरांची गणती पाठवणाऱ्या वापरकर्त्याच्या खात्यावर होते आणि आरलिमिट-नोफाइल ही उघड्या डिस्क्रिप्टरांच्या संख्येची मर्यादा त्यांनाही लागते. ही त्रुटी आल्यास थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. मर्यादा वाढवणे हा उपाय नव्हे.

तिसरी पायरी: घेणे

जेथे डिस्क्रिप्टर येण्याची शक्यता आहे, त्या सॉकेटवर रीड किंवा साधा रिसीव्ह कधीही वापरू नये. तसे केल्यास साधा डेटा मिळतो, सोबतचे डिस्क्रिप्टर मात्र कर्नल गुपचूप बंद करून टाकतो. एमएसजी-पीक वापरून संदेश डोकावून पाहण्याचा मोहही टाळावा. लिनक्सवर असे डोकावतानाही डिस्क्रिप्टर आपल्या तक्त्यात उतरतात, आणि नंतर तोच संदेश खरोखर घेतला, की ते पुन्हा उतरतात.

रिसीव्हएमएसजीला एमएसजी-सीएमएसजी-क्लोएक्झेक हा फ्लॅग नेहमी द्यावा. तो लिनक्स २.६.२३ पासून उपलब्ध आहे. आधी डिस्क्रिप्टर घेऊन मग एफसीएनटीएल या डिस्क्रिप्टरचे फ्लॅग बदलणाऱ्या कॉलने क्लोज-ऑन-एक्झेक लावता येतो, पण अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये या दोन कृतींच्या मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने फोर्क आणि एक्झेक केले, तर तो डिस्क्रिप्टर अनोळखी प्रोग्रामच्या हाती लागतो. मॅकओएसवर हा फ्लॅग नसल्याने तेथे आधी घेऊन मग तो लावण्याचाच मार्ग घ्यावा लागतो, आणि म्हणून तेथे फोर्क व रिसीव्हएमएसजी यांच्याभोवती एकच कुलूप ठेवणे इष्ट.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. समजा आपल्याला एकच डिस्क्रिप्टर हवा आहे, म्हणून आपण एका पूर्णांकासाठी सीएमएसजी-स्पेसने बफरचा आकार काढला. ६४ बिटांच्या लिनक्सवर त्याचे उत्तर २४ येते: शीर्षकाचे १६ बाइट, डिस्क्रिप्टरचे ४ आणि भरतीचे ४. पण कर्नल बफर मोजतो तेव्हा त्यातून शीर्षकाचे १६ वजा करून उरलेल्या ८ बाइटांना ४ ने भागतो आणि तेथे दोन डिस्क्रिप्टर मावतात असे ठरवतो. समोरच्याने दोन पाठवले, तर दोन्ही आपल्या तक्त्यात येऊन बसतात. बफर पुरला असल्याने माहिती कापली गेल्याची खूणही दिसत नाही. आपला प्रोग्राम पहिला आकडा वाचून समाधानाने पुढे जातो आणि दुसरा डिस्क्रिप्टर प्रोसेस संपेपर्यंत उघडाच राहतो. समोरचा दुष्ट असेल, तर प्रत्येक संदेशागणिक एक याप्रमाणे तो आपला तक्ता भरून टाकतो, आणि मग आपल्याला लॉग फाइलसुद्धा उघडता येत नाही.

यावरचा उपाय असा, की किती डिस्क्रिप्टर आले हे आपल्या अपेक्षेवरून कधीच ठरवू नये. ते आलेल्या शीर्षकातील लांबीवरून मोजावे. त्या लांबीतून सीएमएसजी-लेन शून्य वजा करून पूर्णांकाच्या आकाराने भागले, की खरी संख्या मिळते. घेण्याचा क्रमही ठरलेला असावा. कॉल परतल्यावर प्रथम ऋण उत्तर आले का ते पाहावे, आणि ई-इंटर (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटल्याची त्रुटी) आल्यास पुन्हा कॉल करावा. पुन्हा कॉल करण्यापूर्वी नियंत्रण-बफरची लांबी मूळ आकारावर आणून ठेवणे विसरू नये, कारण यशस्वी कॉल ती बदलतो आणि एकाच रचनेने फेऱ्या मारणाऱ्या प्रोग्रामात पुढच्या वेळी बफर अकारण लहान भासतो. त्यानंतर, संदेशाचा मजकूर न उघडता, सीएमएसजी-फर्स्टएचडीआर आणि सीएमएसजी-नेक्स्टएचडीआर यांनी साऱ्या शीर्षकांवरून फिरावे आणि एससीएम-राइट्स प्रकारच्या प्रत्येक शीर्षकातील प्रत्येक आकडा एका यादीत उतरवावा. यादी पूर्ण झाल्यावरच बाकीच्या तपासण्या सुरू कराव्यात. मजकूर आधी तपासून चुकीचा आढळल्यास तेथूनच परतणारे फंक्शन हे या विषयातील गळतीचे सर्वांत सामान्य उगमस्थान आहे.

यादी हाती आल्यावर एमएसजी-सीट्रंक हा नियंत्रण-माहिती कापली गेल्याचा फ्लॅग पाहावा. तो लागला असेल, तर बफर अपुरा पडला किंवा आपल्या तक्त्यात जागा उरली नाही. दोन्ही वेळी उरलेले डिस्क्रिप्टर कर्नलने टाकून दिलेले असतात. जे आले ते आले म्हणून काम पुढे रेटू नये. यादीतील सारे बंद करावेत आणि संदेश, शक्य तर जोडणीच, नाकारावी. एसओ-पासक्रेड (पाठवणाऱ्याची ओळख मागवणारा पर्याय) चालू केलेला असल्यास ओळखपत्राचा संदेशही याच बफरमध्ये येतो, त्यामुळे त्याची जागा धरूनच आकार ठरवावा. यानंतर आलेली संख्या आणि मजकुरात लिहिलेली संख्या ताडून पाहावी. जुळली नाही तर पुन्हा तेच: सारे बंद, संदेश रद्द.

स्ट्रीम सॉकेट वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट आणखी. समजा तीन वेळा पाठवले: आधी ४ बाइट, मग डिस्क्रिप्टरसह १ बाइट, मग पुन्हा ४ बाइट. घेणाऱ्याने २० बाइटांचा बफर दिला, तर पहिल्या कॉलमध्ये त्याला ५ बाइट आणि डिस्क्रिप्टर मिळतो, दुसऱ्यात उरलेले ४. डिस्क्रिप्टर असलेला तुकडा आपल्या मागून येणाऱ्याला अडवतो, पण पुढे गेलेल्याला मात्र येऊन चिकटतो. तेव्हा डिस्क्रिप्टर कोणत्या बाइटाचा सोबती आहे हे केवळ कॉलच्या सीमेवरून ठरवता येत नाही. आलेले डिस्क्रिप्टर क्रमाने रांगेत ठेवावेत आणि मजकुराचा अर्थ लावताना जेवढे सांगितले असतील तेवढेच रांगेतून काढावेत. रांगेच्या लांबीला मर्यादा असावी.

शेवटी आकड्यांकडेही एक नजर टाकावी. आपल्या प्रोसेसमध्ये ०, १ किंवा २ (नेहमीचे इनपुट, आउटपुट आणि त्रुटीसंदेश) यांपैकी काही बंद असेल, तर नवा डिस्क्रिप्टर नेमका त्या रिकाम्या जागी बसतो, आणि मग कोठेतरी छापलेला त्रुटीसंदेश त्या पाहुण्या फाइलमध्ये लिहिला जातो. प्रोग्राम सुरू होताच या तीन जागा डेव्ह-नल या रिकाम्या उपकरणाने भरून ठेवणे हा सोपा बंदोबस्त आहे.

चौथी पायरी: पारखणे

प्रत्येक डिस्क्रिप्टरवर एफस्टॅट (फाइलची माहिती सांगणारा कॉल) करून तो कशाचा आहे हे पाहावे. साधी फाइल हवी असताना पाइप, उपकरण किंवा डिरेक्टरी आली, तर ती घेऊ नये. डिरेक्टरीचा धोका विशेष आहे: सँडबॉक्समध्ये किंवा सीएचरूटने एका डिरेक्टरीपुरत्या कोंडलेल्या प्रोसेसला बाहेरची डिरेक्टरी मिळाली, तर ओपनॲटला दोन टिंबांचा पाथ देऊन ती आपल्या कुंपणाबाहेर पडू शकते. म्हणून ज्या प्रोसेसला कोंडून ठेवायचे आहे, तिला आपण डिरेक्टरी देत तर नाही ना, हे पाठवणाऱ्यानेही पाहावे. पाइपवर वाचताना समोरचा काहीच लिहीत नसेल, तर आपला थ्रेड अडकून पडतो.

एफसीएनटीएलच्या एफ-गेटएफएलने उघडण्याची रीत तपासावी: केवळ वाचनासाठी, केवळ लेखनासाठी की दोन्हींसाठी. ओ-पाथ (फक्त फाइलचे स्थान दाखवणारा फ्लॅग) लावून उघडलेला डिस्क्रिप्टर वाचता-लिहिता येत नाही, तोही येथेच ओळखू येतो.

कोणती तपासणी किती काळ खरी राहते, याचा विचार मात्र आपण स्वतः करायचा असतो. फाइलचा प्रकार बदलत नाही आणि उघडण्याची रीतही नंतर बदलता येत नाही, म्हणून या दोन तपासण्या एकदा केल्या की पुरतात. ओ-नॉनब्लॉक मात्र समोरचा कधीही काढू शकतो, तेव्हा तो लावला आहे म्हणून आपला थ्रेड अडकणार नाही असे मानता येत नाही. फाइलचा आकार आणि तिच्यातील मजकूरही आपण पाहत असतानाच बदलू शकतात. शिवाय साधी फाइल म्हणजे चटकन उत्तर देणारी फाइल असेही नाही. ती फ्यूजवर (साध्या प्रोग्रामने चालवलेल्या फाइल सिस्टीमवर) असेल, तर तिचे प्रत्येक वाचन वापरकर्त्याच्याच एखाद्या प्रोग्रामकडे जाते आणि तो हवा तितका वेळ घेऊ शकतो. अविश्वासू पक्षाकडून आलेल्या डिस्क्रिप्टरवरील कामे मुख्य घटनाचक्रात न करता वेगळ्या थ्रेडमध्ये किंवा प्रोसेसमध्ये करावीत, ती यासाठीच.

पाचवी पायरी: सामायिक मेमरी असेल तर

मोठा डेटा देण्यासाठी फाइल एममॅप करण्याची, म्हणजे थेट आपल्या मेमरीत जोडून घेण्याची, पद्धत रूढ आहे. तिच्यातील सापळा असा: आपण १ एमबीचा भाग मॅप केला आणि समोरच्याने फाइल मध्येच छाटून शून्य बाइटांची केली, तर त्या भागाला पुढचा स्पर्श होताच आपल्या प्रोसेसला सिगबस हा सिग्नल मिळतो आणि ती मरते. मरण्याचे बटण समोरच्याच्या हाती असते.

लिनक्स ३.१७ मध्ये आलेले मेमएफडी-क्रिएट आणि त्यासोबतची मोहोर लावण्याची सोय ही यासाठीच आहे. पाठवणारा मेमरीतील निनावी फाइल तयार करतो, ती भरतो आणि तिला एफ-सील-श्रिंक, एफ-सील-ग्रो, एफ-सील-राइट या (अनुक्रमे आकार घटणे, वाढणे आणि लेखन रोखणाऱ्या) मोहोरा लावतो; एकदा लागलेली मोहोर काढता येत नाही. लेखनाची सामायिक मॅपिंग शिल्लक असताना एफ-सील-राइट लागत नाही, ती आधी मोकळी करावी लागते. घेणाऱ्याने एफ-गेट-सील्सने मोहोरा वाचाव्यात, मग एफस्टॅटने आकार पाहावा आणि त्यानंतरच मॅप करावे. क्रम उलटा केला, तर आकार पाहणे आणि मोहोर तपासणे यांच्यामध्ये फाइल छाटली जाऊ शकते.

मोहोर नसलेली मेमरी वापरणे भागच असेल, तर तिच्यातील मजकूर आधी स्वतःच्या बफरमध्ये रीतसर वाचून घ्यावा आणि त्या प्रतीवरच तपासणी व काम करावे. तपासले ते वेगळे आणि वापरले ते वेगळे, असे मग होत नाही.

देणाऱ्यासाठीही एक इशारा आहे. केवळ वाचनासाठी उघडलेला डिस्क्रिप्टर दिला म्हणजे लेखन बंद झाले, असे समजू नये. घेणारी प्रोसेस प्रॉक या (प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या) फाइल सिस्टीममधील स्वतःच्या एफडी डिरेक्टरीतून तीच फाइल पुन्हा उघडू शकते, आणि फाइलच्या परवानग्या तिला लेखनाची मुभा देत असतील, तर ती लेखनासाठीही उघडली जाते. एकाच वापरकर्त्याखाली चालणाऱ्या दोन प्रोसेसमध्ये तर हे सहज घडते. लेखन खरोखरच रोखायचे असेल, तर त्याला मोहोरच हवी.

सहावी पायरी: बंद करणे

प्रत्येक डिस्क्रिप्टरचा मालक एकच असावा आणि तो कोण हे कोडमध्ये दिसावे. तोच आकडा दोनदा बंद केला, तर मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने उघडलेली फाइल त्या आकड्यावर आलेली असू शकते, आणि आपण तीच बंद करून टाकतो. बंद केल्याबरोबर चलात उणे १ ठेवण्याची सवय यासाठी उपयोगी पडते. लिनक्सवर क्लोजने ई-इंटर दिला, तरी डिस्क्रिप्टर सुटलेला असतो. तेथे पुन्हा प्रयत्न करू नये. रस्टमधील ओन्डएफडीसारखा प्रकार ही शिस्त भाषेवरच सोपवतो. पायथॉनमध्ये ३.९ पासून सेंड-एफडीज आणि रिसीव्ह-एफडीज ही तयार फंक्शने आहेत, पण आलेले आकडे ती साध्या यादीतच देतात, त्यामुळे ते बंद करण्याची जबाबदारी आपलीच राहते.

बंद करण्याच्या कृतीत एक विचित्र फास आहे, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. एफसीएनटीएलने लावलेली पॉसिक्स कुलुपे प्रोसेस आणि फाइल या जोडीशी बांधलेली असतात, आणि त्या फाइलचा कोणताही एक डिस्क्रिप्टर त्या प्रोसेसने बंद केला, की तिची त्या फाइलवरील सारी कुलुपे गळून पडतात. आता समजा आपल्या डेटाबेसच्या फाइलवर आपण असे कुलूप लावले आहे, आणि समोरच्याने त्याच फाइलचा डिस्क्रिप्टर आपल्याला पाठवला. आपण तो नको म्हणून शहाणपणाने बंद करतो, आणि त्याच क्षणी आपले कुलूप उघडते. म्हणून अविश्वासू सॉकेटवरून डिस्क्रिप्टर घेणाऱ्या प्रोसेसने पॉसिक्स कुलुपांवर भिस्त ठेवू नये. एफलॉक किंवा लिनक्सवरील ओएफडी कुलुपे वापरावीत. ती फाइलच्या नोंदीशी बांधलेली असल्याने परक्या डिस्क्रिप्टरच्या बंद होण्याने सुटत नाहीत. अर्थात, त्यामुळेच कुलूप लावलेला डिस्क्रिप्टर दुसऱ्याला दिला, की ते कुलूप सोडण्याचा अधिकारही त्याच्यासोबत जातो.

सातवी पायरी: तपासून पाहणे

घेणारा प्रोग्राम तयार झाला, की त्याला छळणारा एक छोटा पाठवणारा प्रोग्राम लिहावा. त्याने एका डिस्क्रिप्टरच्या जागी दोन पाठवावेत, मग २५३ पाठवावेत, मग एकही न पाठवता मजकुरात एक असल्याचे सांगावे. कधी डिरेक्टरी, कधी कोणी न लिहिणारा पाइप, कधी मोहोर नसलेली मेमरी फाइल पाठवावी, आणि अर्धा संदेश पाठवून जोडणी तोडावी. प्रत्येक प्रयोगापूर्वी आणि नंतर घेणाऱ्या प्रोसेसच्या प्रॉकमधील एफडी डिरेक्टरीतील नोंदी मोजाव्यात. आकडा पूर्वी होता तितकाच राहिला पाहिजे. हाच प्रयोग युलिमिटने डिस्क्रिप्टरांची मर्यादा २० वर आणून पुन्हा करावा, म्हणजे तक्ता भरल्यावर एमएसजी-सीट्रंकची वाट खरोखर चालते की नाही हे दिसते. एस-ट्रेस (सिस्टीम कॉल छापून दाखवणारे साधन) लावून ठेवल्यास रिसीव्हएमएसजीच्या ओळीत आलेले सारे आकडे छापले जातात. त्यातील प्रत्येकासाठी पुढे एक आणि एकच क्लोज सापडला पाहिजे.